मातीचा डबा

बायडाबाईचा आवाज सगळ्या पेठेच्या ओळखीचा. नळावरनं तिनं कुणाला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला माणूससुद्धा दचकून चप्पल शोधायला लागायचा. आता असल्या बाईला लहान पोरांच्या बालवाडीत कुणी कामाला ठेवील का, तुम्हीच सांगा. इरावतीताईंनी ठेवलं. आणि वर अट काय घातली, तर बोलायचं नाही!

म्हणजे अगदीच मुक्यानं राहायचं असं नव्हे. “मूल काही करायला लागलं की लगेच ‘ए, नको’ म्हणून ओरडायचं नाही,” ताईंनी समजावलं होतं. “आधी थांबायचं. त्याच्या मनात काय चाललंय ते बघायचं. जिवाला धोका दिसला तर मात्र धावत जायचं.”

“आणि सांडलं-लवंडलं तर?”

“तर फडकं कुठं टांगलंय ते त्याला माहीत आहे.”

बायडाबाईनं मान डोलावली आणि मनात म्हणाली, ही बाई येडी हाय. शिकलेली हाय, साहेबलोकांच्या राजारामपुरीतली हाय, पण येडी हाय.

तरी काम सोडायचं काही तिच्या मनात आलं नाही. नवरा गेल्यापासनं ती एका मंगल कार्यालयात भांडी घासत होती. तिथं तिला नाव नव्हतं, ‘ए भांडीवाली’ एवढंच होतं. इथं पहिल्याच सकाळी एका शेंबड्या पोरानं येऊन तिचं बोट धरलं आणि ‘मावशी, माझी चड्डी सुटली’ म्हणून सांगितलं. बाई तिथंच विरघळली. चड्डी बांधता बांधता तिनं ठरवून टाकलं की आता इथनं हलायचं नाही.

आणि बालवाडी तरी कसली! पाटी नाही, पेन्सिल नाही, ‘बोला माझ्या मागं’ नाही. एका कोपऱ्यात वाटाणे, राजमा, हरभरे एकत्र करून ठेवलेले, ज्याला वाटेल त्यानं निवडावेत. एका कोपऱ्यात तांबे, बाटल्या आणि पाण्याची बादली. एका कोपऱ्यात खराखुरा पोळपाट, खरं लाटणं आणि खरी कणीक. पोरं सकाळी आली की आपली आपण ठरवायची, आज कुठं बसायचं ते. आदर्श नावाचं एक पोरगं आठवडाभर नुसतं तांब्यातलं पाणी बाटलीत आणि बाटलीतलं तांब्यात ओतत बसलं होतं. फरशीवर हे तळं! बायडाबाईच्या हाताला नुसत्या मुंग्या यायच्या. हिसकावून घ्यावा तो तांब्या आणि दाखवावं एकदा कसं ओततात ते! पण ताईंची नजर असायची. मग एके दिवशी त्या पोरानं बारीक तोंडाच्या बाटलीत धार धरली, शेवटपर्यंत, एक थेंब न सांडता. त्या दिवसापासनं डब्याच्या वेळी सगळ्यांना पाणी तोच वाढायचा, मोठ्या माणसाच्या रुबाबात. बायडाबाईनं हे बघितलं आणि घरी जाताना स्वतःशीच बोलली, अगं बया, हे खरंच शिकलं की.

ही बालवाडी भरायची तालमीत. आधी जिथं भाड्यानं होती तो फ्लॅट मालकानं विकला, आणि भर जूनमध्ये इरावतीताई जागेसाठी वणवण फिरत होत्या. तेव्हा पेठेतल्या तालीम मंडळानं बाहेरचा हॉल सकाळपुरता वापरायला दिला. पैलवान पहाटे येतात आणि संध्याकाळी येतात, मधे हॉल मोकळाच. अट एकच होती. आतल्या हौद्यात पोरांचं पाऊल पडता कामा नये. हौदा म्हणजे कुस्तीची तांबडी माती असते ती जागा. भोवतीनं कंबरेएवढा कठडा, भिंतीवर मारुती, आणि त्या मातीचे मालक म्हणजे गणपतराव वस्ताद. सत्तरी ओलांडलेली, कान मोडलेले, आवाज बायडाबाईच्या तोडीस तोड. मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह होते खरे, पण मातीच्या बाबतीत त्यांचंही काही चालायचं नाही.

श्रावण लागला होता. नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. पंचमीला हौद्याची पूजा असते आणि त्या दिवशी मातीला कुदळ लावत नाहीत, म्हणून वस्ताद आधीच माती तयार करत होते. पोरं कठड्यावर हनुवट्या टेकून बघत उभी. वस्तादांनी माती उकरली, तिच्यात घागरभर ताक ओतलं, तेल ओतलं, हळद टाकली, लिंबं पिळली आणि खोऱ्यानं खालीवर करायला लागले.

“आजोबा,” तेजस्वीनं विचारलं. तेजस्वी म्हणजे साडेचार वर्षांची, तिला प्रश्न पडला की जगाचं काम थांबलंच पाहिजे. “मातीला ताक कशाला?”

“खायला.”

“माती खाती?”

“खाती की! हिला चांगलंचुंगलं घातलं तरच ही पोरास्नी ताकद देती. उपाशी मातीत कुठला पैलवान घडतोय?”

तेजस्वीनं ते नीट ऐकून घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं. वस्ताद आतलं काम आटपून हात धुवायला गेले, आणि बाहेर डबे उघडायची वेळ झाली.

इरावतीताई फाटकापाशी एका आईशी बोलत होत्या. पोरांवर लक्ष बायडाबाईचं. तिनं बघितलं, तेजस्वी डबा घेऊन उठली आणि कठड्याकडं निघाली. मागनं आदर्श उठला. त्याच्या मागनं गुरुप्रसाद. मग सगळी रांगच. बायडाबाईचा ‘ए!’ अगदी ओठावर आला होता. पण तिला ताईंचं बोलणं आठवलं, तिनं तो गिळला आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली. बघू म्हणाली, काय चाललंय ह्यांच्या मनात.

तेजस्वीनं दहीभाताचा गोळा उचलला आणि कठड्यावरनं कोपऱ्यात टाकला. “खा,” म्हणाली. आदर्शनं चपातीचे तुकडे टाकले. कुणी शिरा टाकला, कुणी साबुदाण्याची खिचडी. गुरुप्रसादनं आधी निम्मा लाडू स्वतः खाल्ला, मग जरा विचार केला आणि उरलेला मातीला दिला. कुणी हसत नव्हतं, कुणी ढकलाढकली करत नव्हतं. घरात पाहुण्याला वाढावं तसं चाललं होतं. बायडाबाईला ते इतकं गोड वाटलं की तिच्या डोळ्यात पाणीच आलं. नंतर उचलून टाकू, एवढंच तिच्या मनात आलं. पण पोरं घरी गेल्यावर बघते तर वस्ताद आतल्या दाराला कुलूप घालून जेवायला गेले होते. मग पावसाची सर आली, वाळत घातलेली धुणी आठवली, आणि ते राहूनच गेलं. नवी माती मुरायची म्हणून त्या संध्याकाळी पैलवानही हौद्यात उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई बालवाडी उघडायला गेली तर दारातच आरडाओरडा. कोपऱ्यातल्या मातीत मुंग्याच मुंग्या! पहाटे लढत धरलेल्या दोन पैलवानांच्या पाठी चावून चावून लाल झाल्या होत्या. दही आंबलं होतं, वास सुटला होता. पैलवान पोरं तर तशीच कागलच्या कुस्त्यांच्या मैदानाला निघून गेली होती, ती रात्रीशिवाय परत येणार नव्हती. आणि दारात अध्यक्ष विजयसिंह उभे, कमरेवर हात ठेवून.

“म्याडम, जागा दिली ही आमची चूक झाली,” ते इरावतीताईंना म्हणत होते. “उद्या पूजा. सगळी पेठ येणार. काय दावायचं त्यास्नी? ही उकिरड्याची माती? मी आत्ता मुंग्यांची पावडर मारून घेतो, आणि सोमवारपासनं हा हॉल मोकळा करा.”

“पावडर?” वस्ताद आतनं गरजले. “आरं ह्या मातीत पोरं तोंडं घासत्यात! ईख घालतोस व्हय?”

“मग मुंग्या जाणार कशा? आणि हे घातलं कुणी, ते तरी कळू दे!”

“आम्ही,” तेजस्वी पुढं आली. दप्तर पाठीवरच होतं. “मातीला डबा दिला. आजोबा म्हणाले, ती खाती.”

सगळ्यांच्या माना वस्तादांकडं वळल्या. त्यांच्या मोडलेल्या कानांपर्यंत लाली चढली. आयुष्यात ह्या माणसानं मंडळापुढं कधी माघार घेतली नव्हती. पण पोरगी समोर उभी होती, सरळ तोंडाकडं बघत.

“म्हणलो व्हतो,” ते शेवटी पुटपुटले. “माझ्याच तोंडचं हाय ते.”

विजयसिंहांचा पारा जरा उतरला, पण हुकूम काही उतरला नाही. “ते खरं वस्ताद, पण उद्याचं काय? पैलवान हितं न्हाईत. तुमी एकटं काढणार?”

“ज्यांनी घातलं ते काढतील,” इरावतीताई म्हणाल्या.

“ही चार वर्षांची पोरं?” विजयसिंह हसले, आणि त्या हसण्यात काही गोडवा नव्हता. “बरं. दुपारी मी येतो. मातीत भाताचं एक जरी शीत घावलं, तर सोमवारपासनं हॉल मोकळा. मग मला काय सांगू नका.” आणि स्कूटरला किक मारून गेले.

बायडाबाईनं ताईंना पाण्याच्या कोपऱ्यात गाठलं. “ताई, मी बघत व्हते. पोरं टाकत व्हती तवा मी तिथंच हुबी. नंतर उचलायचं ठरवलं आणि इसरले. तुमी म्हणालता गप बसा, म्हणून जन्मात पैल्यांदा गप बसले, आणि हे असं झालं बगा. मला काढून टाका, पण बालवाडी जाऊ देऊ नका.”

इरावतीताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “उचलायचं विसरलात, ती चूक झाली. पण थांबलात ते बरोबर केलंत. तुम्ही ओरडला असतात ना, तर पोरांना एवढंच कळलं असतं की मावशी ओरडते. आता त्यांना कळेल माती काय खाते आणि काय नाही ते. आणि तुम्हाला काढून मी काय करू? तुमच्यासारखं माणूस मला कुठं मिळणार?”

बायडाबाईला आजवर मंगल कार्यालयात, सासरी, माहेरी, कुणी असं म्हणालं नव्हतं. तिनं पदरानं नाक पुसलं. “मग चला की, आपण दोघी पटापटा काढू. तासाभरात उरकतंय.”

“आपण काढलं तर ते आपण काढलेलं होईल,” ताई म्हणाल्या आणि गोल करून पोरांत बसल्या.

म्हणजे काय झालं बघा. बालवाडीचं मरण-जगणं दुपारवर आलेलं, आणि ही बाई पोरांना विचारतेय, “मातीला काय झालंय?”

“पोटात दुखतंय,” तेजस्वी म्हणाली. “तिला आपला डबा पचला नाही.”

“मग काय करूया?”

“काढूया.”

“कसा?”

वस्ताद हौद्यात उतरले आणि कोपऱ्यातली माती घमेल्यानं उचलून बाहेर ताडपत्रीवर आणून टाकायला लागले. पोरं बसली भोवतीनं. आधी हातानं वेचलं. चपातीचे तुकडे निघाले, लाडू निघाला, पण भात मातीत असा कालवला गेला होता की एक शीत काढावं तर दुसरं दडी मारावं. मग चमचे आणले. चमच्यात भातही आला आणि मातीही आली. गुरुप्रसाद पाण्याच्या कोपऱ्यातनं चहाची गाळणी घेऊन आला. तिच्यातनं काहीच खाली पडेना. मग कुणीतरी कणकेच्या कोपऱ्यातली पिठाची चाळणी आणली. दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवली, हलवली, पण माती तेला-ताकाची, ओलसर. जाळीला चिकटून बसली. घड्याळ पुढं सरकत होतं. फाटकापाशी आया यायला लागल्या होत्या.

बायडाबाईच्या घरी, चार दारं सोडून, खुंटीला गव्हाची मोठ्या भोकांची चाळण टांगलेली होती. एक शब्द बोलायचा अवकाश! काम फत्ते! ताईंनाही ते सुचलं असणारच, पण त्या गुडघ्यावर हात ठेवून शांत. देवा मारुतीराया, ही बाई हॉल घालवणार आज!

तेवढ्यात वस्तादांना राहवेना. घमेलं टेकवून ते म्हणाले, “आरं पोरांनो, ती गव्हा—”

“वस्ताद!” बायडाबाई ओरडली. असा आवाज काढला की मारुतीपुढचा दिवा हलला. “गप ऱ्हावा!”

सत्तर वर्षांत वस्तादांना ‘गप’ म्हणणारं पेठेत कुणी जन्मलं नव्हतं. ते तोंड उघडं टाकून बघतच राहिले. बायडाबाई स्वतःच घाबरली, पण आता माघार कुठली. आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांचं डोकं चाललंय वस्ताद. जरा दम धरा. मीबी धरलाय न्हवं?”

वस्ताद कठड्यावर टेकले. दोघं शेजारी शेजारी, एकानं मिशी धरलेली, एकीनं पदर.

तेजस्वीनं चाळणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. खालनं बघितलं, वरनं बघितलं. “भोकं बारीक हायत,” ती म्हणाली. “मातीला जाताच येत नाही.”

“मोठी भोकं पायजेत,” आदर्श म्हणाला.

“पण भाताएवढी नकोत. मग भात पण पडेल.”

“मग मातीपेक्षा मोठी आणि भातापेक्षा बारीक.”

गुरुप्रसाद खिडकीची जाळी बघून आला. ती भिंतीतनं निघत नव्हती. एकीनं बांगडी काढून बघितली, तिचं भोक फारच मोठं. मग आदर्शनं मान वर केली. “माझी आजी गहू चाळती ना... मोठी, गोल... तिच्यातनं कचरा खाली पडतो आणि गहू वर ऱ्हातो!” आणि बायडाबाईकडं वळून म्हणाला, “मावशी, तुझ्याकडं हाय काय तसली?”

“हाय की!” बायडाबाईनं हाक दिली, ती पार पेठेच्या टोकापर्यंत गेली असेल. चप्पल न घालता बाई पळाली, चाळण घेऊन आली, येताना शेजारणीच्या दारात ओरडून तिचीही मागून घेतली. दोन चाळणी झाल्या. पोरांनी ढेकळं तळहातावर चोळून बारीक करायची, वस्तादांनी चाळणीत घालायची, चौघा-चौघांनी धरून हलवायची. माती खाली झरायला लागली आणि वर एकेक शीत, एकेक साबुदाणा उघडा पडला. काय आनंद झाला पोरांना! फाटकाजवळच्या आया आत येऊन भिंतीला टेकल्या, आणि एकीनंही ‘कपडे बघ काय केलेस’ म्हटलं नाही.

मुंग्या मात्र काही हटेनात. चाळलेल्या मातीतही फिरत होत्या. गुरुप्रसाद बराच वेळ उकिडवा बसून त्यांच्याकडं बघत होता. “ह्यांचं जेवण आपण काढून घेतलं,” तो म्हणाला. “त्या शोधत हायत.” मग त्यानंच ठरवलं की मुंग्यांना बाहेर वाढायचं. ताईंच्या कपाटातनं गुळाचा खडा घेतला आणि मागच्या दाराबाहेर, पायरीखाली ठेवला. कोल्हापूरचा गूळ तो, त्याला नाही कोण म्हणतंय! बघता बघता उंबऱ्यावरनं काळी रेघ निघाली आणि पायरी उतरून चालती झाली.

चाळलेली माती वस्तादांनी परत कोपऱ्यात नेऊन पसरली, आणि दारात स्कूटर थांबली.

विजयसिंह आले ते सरळ हौद्यात उतरले. कोपऱ्यात बसले, मूठभर माती उचलली, चोळली, हुंगली, टाकली. दुसरी मूठ. तिसरी. चौथ्या मुठीला त्यांची बोटं थांबली. चिमटीत काहीतरी पांढरं धरून त्यांनी वर केलं.

“हे काय?”

गेली बालवाडी, बायडाबाईला वाटलं. सोमवारपासनं परत भांडी, परत ‘ए भांडीवाली’.

तेजस्वी कठड्यावर चढून, पोट टेकवून पुढं वाकली, डोळे बारीक करून बघितलं. “ते शीत नाही,” ती म्हणाली. “ते लिंबाचं बी हाय. आजोबांनी घातलेलं. ते मातीला पचतं.”

विजयसिंहांनी बी उलटसुलट करून बघितलं. लिंबाचंच होतं. ते वस्तादांकडं बघायला लागले, वस्ताद मारुतीकडं बघायला लागले, आणि मग विजयसिंहांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. “आयला, मातीची पारख माझ्यापेक्षा हिला जास्ती!” ते हात झाडत वर आले. “म्याडम, ऱ्हावा. पायजे तेवढी वर्षं ऱ्हावा. आणि उद्या पूजेला ही सगळी गँग पुढं पायजे.”

इरावतीताईंनी हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. बायडाबाई मात्र भोकाड पसरून रडली. सकाळपासनं दाबून धरलेला सगळा आवाज एकदमच बाहेर आला. आया तिला पाणी देत होत्या, आणि ती रडता रडता कधी ताईंना, कधी पोरांना, कधी मारुतीला ‘लई उपकार झालं’ म्हणत होती.

विजयसिंह गेले. वस्तादांनी चाळलेल्या मातीवर नव्यानं ताक शिंपडलं, हळद टाकली. “आता ही तुडवाय पायजे,” ते म्हणाले. “उद्या हिला कोण हात लावणार न्हाय. पैलवान तर न्हाईत. उतरा रं पोरांनो.”

‘पोरांनो’ म्हणताना त्यांच्या मनात कोण कोण होतं, देव जाणे. उड्या मात्र सगळ्यांनीच टाकल्या, मुलग्यांनी आणि मुलींनी. तेजस्वी सगळ्यांच्या पुढं. वस्तादांचा हात अर्धा वर गेला होता, तो तसाच खाली आला.

बायडाबाई बाहेर ताडपत्री झटकत होती.

“मावशी, ये की!” तेजस्वीनं आतनं हाक मारली.

“मी? न्हाय गं बाई. बायकांनी हितं उतरायचं नसतंय.”

“का?”

आता ह्या ‘का’ला काय उत्तर देणार? बायडाबाई ह्याच गल्लीत जन्मली. तिचा थोरला भाऊ ह्याच मातीत घुमला, कुस्ती शिकला. त्याच्यासाठी रोज पहाटे दुधाचा तांब्या घेऊन ती धावत यायची, तो दारात ठेवायची आणि माघारी वळायची. आतनं शड्डू ऐकू यायचे, मातीचा तो ताका-हळदीचा वास यायचा, पण आतली माती कशी दिसते हे तिनं डोळ्यांनी बघितलं ते बालवाडी इथं आली तेव्हा. सबंध बालपणात ‘का’ विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. विचारलं असतं तरी बापानं पाठीत धपाटा घातला असता.

तिनं वस्तादांकडं बघितलं. उत्तर द्यायचं तर तेच देणार. पोरंही पाय थांबवून त्यांच्याकडं बघत उभी राहिली. वस्तादांनी तोंड उघडलं. मिशीवरनं हात फिरवला. परत उघडलं. मग ओठ घट्ट मिटले आणि एक पाऊल बाजूला सरकून कठड्याचं लहान दार मोकळं केलं.

बायडाबाईनं पदर खोचला. वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उतरली. माती गार होती, मऊ होती, बोटांच्या बेचक्यांतनं वर येत होती. पोरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि ओढत कोपऱ्यात नेलं. ती तुडवत राहिली, पोरांबरोबर, गुडघे वर उचलून, पहिल्यांदा हळू आणि मग चांगली जोरात. एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं, आणि ते कुठं ठेवावं हेही तिला कळत नव्हतं.

दमून थांबली तेव्हा ती वस्तादांपुढं आली आणि मातीनं भरलेले हात जोडले. “वस्ताद, तुमचं उपकार म्या जन्मात फेडू शकणार न्हाय.”

“माझं कसलं उपकार?” वस्ताद खोऱ्याकडं वळत म्हणाले. “मी तर एक शबूद बोललो न्हाय.”